अंगणातली शाळा : अनुताई वाघ यांचे स्मरण

२०२० सालच्या एप्रिल महिन्यात, सारा देश दारे लावून घरात बसला असताना, नंदुरबार जिल्ह्यातील एक तरुण स्त्री नर्मदेच्या पाण्यात होडी वल्हवीत होती. रेलू वसावे हे तिचे नाव. अक्कलकुवा तालुक्यातील चिमलखेडी येथे ती अंगणवाडी सेविका. एरवी अलीगाट आणि दादर या वस्त्यांवरील आयाबाया होडीने येऊन मुलांचा आहार घेऊन जात. साथीच्या भयाने त्यांचे येणे थांबले, तेव्हा या बाईंनी एका मासेमाराकडून लहानशी होडी मागून घेतली आणि आहार, वजनकाटा व नोंदवही घेऊन त्या स्वतःच वस्त्यांवर जाऊ लागल्या. जाऊन येऊन सुमारे १८ किलोमीटरचे हे वल्हवणे आठवड्यातून अनेक दिवस चाले. पुढे वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुक केले, राज्य शासनानेही दखल घेतली.

ही बातमी आम्ही वाचली तेव्हा आनंद झाला, आणि त्या आनंदामागोमाग एक जुने नाव मनात आले. मूल आपल्याकडे येत नसेल तर आपण मुलाकडे जावे, हा विचार रेलूताईंना कोणी पुस्तकातून शिकविला नसेल. परंतु ज्या 'अंगणवाडी'त त्या काम करतात, तिच्या नावातच तो विचार दडलेला आहे. हे नाव आले कोठून? त्याचा माग काढीत गेल्यास आपण सातपुड्यातून थेट डहाणूच्या किनाऱ्यावर, बोर्डी आणि कोसबाड या गावांत पोहोचतो. तेथे अनुताई वाघ नावाच्या एका शिक्षिकेने आपल्या आयुष्याची ४७ वर्षे लहान मुलांत घालविली. आपल्यापैकी अनेकांची घरे याच किनाऱ्यावर आहेत. तरीही हे नाव आपल्या मुलांना कितपत ठाऊक असेल, याची आम्हांला शंका वाटते. म्हणून हे स्मरण.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. १९२३ साल होते. महाराष्ट्रात विधवांच्या शिक्षणासाठी महर्षी कर्वे यांच्यासारख्यांनी वाट काढून दिली होती खरी. पण ती वाट प्रत्येक घरापर्यंत पोहोचलेली नव्हती. तेरा वर्षांच्या विधवेपुढे तेव्हा सर्वसाधारणपणे एकच आयुष्य असे : स्वयंपाकघरातील कोपरा, दुसऱ्यांच्या मुलांचे करणे आणि आपल्या अस्तित्वाबद्दल जन्मभर ओशाळे राहणे. अनुताईंनी दुसरी वाट धरली. त्या शिकत राहिल्या. १९२९मध्ये पुण्यात प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण त्यांनी पूर्ण केले आणि नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या ग्रामीण भागात त्या शिकवू लागल्या. पुढे १९३३पासून पुण्याच्या हुजूरपागेत अकरा-बारा वर्षे त्यांनी अध्यापन केले. दिवसा मुलींना शिकवावे आणि रात्री स्वतः रात्रशाळेत बसावे, असे करून १९३७मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. पदवी मिळाली ती १९६१मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. तोवर महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या क्षेत्रात त्यांचे नाव झालेले होते. तरी विद्यार्थ्याच्या बाकावर बसण्याचा त्यांना संकोच वाटला नाही. ज्याचे स्वतःचे शिकणे संपले, त्याचे शिकविणेही संपले, हे त्यांच्या चरित्रावरून सहज ध्यानी येते.

हुजूरपागेतील नोकरी चांगली होती. पुण्यासारख्या शहरातील मान्यवर शाळा, ठरावीक वेतन, सुसंस्कृत घरांतील मुली. हे सारे सोडण्याचे निमित्त झाले ते १९४५ सालचे. ग्रामसेविकांच्या प्रशिक्षणासाठी बोरिवली येथे कस्तुरबा ट्रस्टचे शिबिर भरले होते. त्या शिबिरात अनुताईंची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली. ताराबाई तेव्हा ५३ वर्षांच्या होत्या, अनुताई ३५ वर्षांच्या. बोर्डीला गावातील मुलांसाठी केंद्र काढायचे आहे, येणार का, असे ताराबाईंनी विचारले आणि अनुताई गेल्या. त्या परत आल्याच नाहीत.

ताराबाईंविषयी येथे थोडे सांगणे अवश्य आहे, कारण त्यांच्यामुळे ही कथा रोमपर्यंत जाऊन पोहोचते. मारिया माँतेस्सोरी या इटलीतील कॅथलिक विदुषींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले 'बालगृह' उघडले. तो दिवस प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणाचा, ज्याला आपण तीन राजांचा सण म्हणतो. ज्ञानी पुरुष भेटी घेऊन एका बालकापुढे नमले, त्या दिवशी एका डॉक्टरबाईंनी मजुरांच्या मुलांपुढे आपली विद्या ठेवावी, हा योग मनात भरून राहणारा आहे. मूल म्हणजे भरून काढावयाचे रिकामे भांडे नव्हे. त्याच्या ठायी वाढीची शक्ती उपजतच असते, मोठ्यांनी योग्य परिसर सिद्ध करावा आणि आदराने बाजूला उभे राहावे, असे त्यांच्या विचाराचे सार सांगता येईल.

हा विचार भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी उचलला आणि १९२०मध्ये तेथे बालमंदिर काढले. राजकोटमधील आपले काम सोडून ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. दैवगती अशी की, २३ जून १९३९ रोजी गिजुभाई निवर्तले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस माँतेस्सोरीबाई भारतात आल्या. ज्यांनी त्यांचा विचार गुजराती आणि मराठी अंगणांत रुजविला, त्या गिजुभाईंशी भारतभूमीवर त्यांची भेट व्हावयाची राहून गेली. ताराबाईंनी मुंबईत दादर येथे १९३६पासून शिशुविहारचे काम चालविले होते. पण त्यांच्या मनाला एक टोचणी लागली होती. ही रंगीत मणी, लाकडी ठोकळे आणि खरखरीत वर्णाक्षरे असलेली बालशाळा फक्त सुखवस्तू घरांच्या मुलांनाच लाभायची काय? रोममध्ये जी शाळा गरिबांसाठी निघाली, ती हिंदुस्थानात येऊन श्रीमंतांची झाली होती. ही चूक दुरुस्त करावी म्हणून ताराबाई बोर्डीला निघाल्या आणि अनुताई त्यांच्या सांगाती झाल्या.

१९४५च्या अखेरीस बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. ते साल त्या परिसराच्या इतिहासात साधे नव्हते. त्याच वर्षी डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागातील वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी परुळेकर यांनी त्या लढ्याची कहाणी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात सांगितली. मोठी माणसे सावकाराच्या शेतावरून सुटण्यासाठी झगडत असताना या दोन शिक्षिका त्यांच्या लहानग्यांची नखे कापीत बसल्या होत्या. वरवर पाहता हे काम किरकोळ वाटेल. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या मुलांना कोणी प्रेमाने न्हाऊ-माखू घातले नव्हते, त्यांच्या दृष्टीने तेही एक परिवर्तनच होते.

आरंभ सोपा नव्हता. शाळा उघडली, साहित्य मांडले. मुले मात्र येईनात. आईबाप मजुरीला गेलेले. पोर शाळेत धाडण्याची सवय नाही. शिवाय शाळा म्हणजे गावातल्या मोठ्या माणसांची जागा, तेथे आपल्यासारख्यांचे काय काम, ही जुनी भीती. दुसऱ्या एखाद्या संस्थेने अहवालात लिहिले असते की, पालकांमध्ये शिक्षणाविषयी अनास्था आहे. या दोघींनी तसे म्हटले नाही. मूल येत नसेल तर दोष आपल्या शाळेत आहे, असे त्यांनी धरले आणि शाळाच उचलून वस्तीवर नेली. हरिजनवाड्यात आणि आदिवासी पाड्यांवर जावे, एखाद्या घरासमोरचे सारवलेले अंगण पाहावे, तेथेच मुले गोळा करावीत. आधी आंघोळ, वेणीफणी, नखे. मग गाणे, गोष्ट, खेळ. आई चुलीपाशी बसून पाहते आहे, आजी दारात उभी आहे, कोंबड्या मधूनच फिरत आहेत, आणि शाळा चालू आहे. हीच अंगणवाडी. मूल आणि त्याचे घर यांच्यामध्ये या शाळेला भिंत नव्हती. म्हणून मुलाबरोबर घरही नकळत शिकत गेले.

थोडी मोठी मुले गुरे चारायला रानात जात. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली मुले शिकत आहेत, असा तो वर्ग. ज्यांना दिवसा सवडच नाही, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग. मुलाच्या जीवनक्रमाला धक्का न लावता शिक्षण त्यात कसे बसवावे, याचा हा शोध होता.

साहित्याचा प्रश्नही असाच सुटला. परदेशी बनावटीची साधने विकत घेण्याइतका पैसा नव्हता, आणि असता तरी ती त्या मुलांना परकीच वाटली असती. म्हणून समुद्रावरचे शंखशिंपले, चिंचोके, गुंजा, पाने, फुले, खडे, माती, नारळाच्या करवंट्या हेच साहित्य झाले. चिंचोक्यांनी मोजावे, शिंपल्यांची लहानमोठी ओळ लावावी, पानांच्या आकारांत सारखेपणा शोधावा. माँतेस्सोरीबाईंचे तत्त्व तसेच राहिले. त्याचे अंग मात्र कोकणच्या मातीचे झाले. परकीय विचार स्वीकारावा कसा, याचा हा वस्तुपाठ आहे. बाहेरून आलेले बी आपल्या वाफ्यात लावले तर त्याला आपलेच पाणी द्यावे लागते, हे आपल्या शेतकरी वाचकांना वेगळे सांगावयास नको.

१९५७मध्ये केंद्राचा मुक्काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलला. येथे सभोवती वारल्यांचे पाडे. येथे 'विकासवाडी'ची कल्पना आकाराला आली : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. यामागे साधे निरीक्षण होते. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. तिला रागावून काय होणार? त्या भावंडाची सोय झाली की ती आपोआप येईल. मग धाकटे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली पहिलीच्या वर्गात. मुलींच्या गळतीवर पुढे मोठमोठ्या समित्यांनी विचार केला. कोसबाडच्या टेकडीवर त्याचे उत्तर एका पाळण्याने दिले होते.

ताराबाईंना १९६२मध्ये 'पद्मभूषण' किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. ३१ ऑगस्ट ही माँतेस्सोरीबाईंची जन्मतिथी, हा केवळ योगायोग. पण नोंदवावासा वाटतो. त्यानंतर कोसबाडचा सारा भार अनुताईंवर आला. ज्यांनी २८ वर्षे गुरूच्या सावलीत काम केले, त्या आता आधारवड झाल्या. 'शिक्षणपत्रिके'चे काम, बालसेविकांचे प्रशिक्षण, शिक्षिकांसाठी पुस्तके, पाड्यांवरील स्त्रियांच्या अडचणी, सारे त्यांनी पाहिले. 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात त्यांनी आपल्या जीवनाची आणि कार्याची हकीकत लिहिली आहे. १९८४मध्ये 'पद्मश्री' आणि १९८५मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार त्यांना लाभला. २७ सप्टेंबर १९९२ रोजी कोसबाड येथेच त्यांनी देह ठेवला. स्वतःचे मूल नसलेल्या या बालविधवेला हजारो मुलांनी 'ताई' म्हटले.

आता पुन्हा सातपुड्याकडे वळू. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशात प्रथम ३३ ठिकाणी तिचा प्रयोग झाला. महाराष्ट्रात मेळघाटातील धारणी हे त्याचे ठिकाण होते. या योजनेतील केंद्रांना 'अंगणवाडी' हे नाव मिळाले. ताराबाई आणि अनुताई यांच्या तोंडचा शब्द अशा रीतीने भारतातील खेड्याखेड्यांत पोहोचला, आणि अक्राणी महालातील दऱ्याखोऱ्यांतही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके. २०११च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे.

या जिल्ह्यात अनुताईंचा शब्द पोहोचला. त्यांचा विचार कितपत पोहोचला, हा खरा प्रश्न. आम्हांला तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट भाषेची. अक्राणीच्या डोंगरात मूल पावरी बोलते, अक्कलकुव्यात भिलीचे निरनिराळे प्रकार, नवापूरकडे मावची. तीन वर्षांच्या त्या मुलाला पुस्तकी मराठी ही जवळजवळ परभाषाच. आईच्या भाषेतून ज्या मुलाशी कोणी बोलत नाही, ते गप्प बसते, आणि मग शिक्षक म्हणतात, मूल मंद आहे. नर्मदेकाठच्या बुडित गावांत १९९०च्या दशकाच्या आरंभी नर्मदा बचाव आंदोलनाने ज्या जीवनशाळा काढल्या, त्यांनी पावरी-भिलीतून शिकविण्याचा प्रयत्न केला. गावातीलच तरुण शिक्षक झाले. धरणासंबंधी कोणाचे मत काहीही असो, मुलाच्या भाषेचा हा मान अनुताईंच्या कुळातला आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही लहान मुलांचे शिक्षण शक्यतो घरच्या भाषेतून व्हावे असे म्हटले आहे. कोसबाडला हे कळले, त्याला तोवर कित्येक वर्षे लोटली होती.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळीनंतर या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी गुजरातेत जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. पोरे बरोबर जातात. अंगणवाडीच्या पटावर नाव राहते आणि मूल उसाच्या फडात असते. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी ज्यांनी कुरणात शाळा नेली, त्यांनी फडावरही शाळा नेली असती, याबद्दल आमच्या मनात संशय नाही. जेथे आज असे प्रयत्न होतात, तेथे तेच तत्त्व जागे आहे.

तिसरी गोष्ट सेविकेची. अंगणवाडी सेविकेला वेतन नाही, 'मानधन' आहे. आहार, वजन, लसीकरण, गर्भवतींची नोंद, सर्वेक्षणे हे सारे तिने करावे, आणि उरलेल्या वेळात मुलांना गाणीगोष्टी शिकवाव्यात. शब्दात मान आहे, धन मात्र थोडे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये, गुजरातेतील दाहोद जिल्ह्याच्या एका प्रकरणात, सेविका व मदतनीस यांना उपदानाचा हक्क आहे असा निर्णय दिला. डिसेंबर २०२३मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी दीर्घकाळ संप केला. ज्या देशात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला २००९च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क आहे आणि सहा वर्षांखालील मुलासाठी राज्यघटनेच्या ४५व्या कलमात केवळ 'प्रयत्ना'चे आश्वासन आहे, तेथे लहानग्यांच्या शिक्षिकेलाही शेवटची जागा मिळावी, यात नवल नाही. जो पाया घालतो, त्याचे नाव कोनशिलेवर नसते.

आपण धर्मग्रामांतील कुटुंबे शिक्षणाचे मोल जाणतो. आपल्या धर्मभगिनींनी आणि धर्मगुरूंनी खेडोपाडी शाळा काढल्या, त्या शाळांनी आपल्या कित्येक पिढ्या उभ्या केल्या. पण आज आपल्याच घरांत तीन वर्षांच्या बाळाला प्रवेशासाठी परक्या भाषेतील फळांची नावे पाठ करावयास लावले जाते. अंगणात चिंचोके मोजायचे वय ते! त्याच्या आजीच्या बोलीला त्या वर्गात जागा नसते. सातपुड्यातील पावरी बालक आणि आपल्या किनाऱ्यावरील बालक यांचे दुःख निराळे खरे. पण एका बाबतीत ते सारखे आहे. दोघांनाही आपली भाषा दाराबाहेर ठेवून शाळेत शिरावे लागते.

अनुताई ख्रिस्ती नव्हत्या. तरीही प्रभूने शिष्यांच्या मधोमध एका बालकाला उभे केले, तो प्रसंग आठवला की आम्हांला त्या टेकडीवरचे सारवलेले अंगण दिसते. शिष्य थोरपणाविषयी वाद घालीत होते. प्रभूने त्यांना उत्तर म्हणून एक मूल दाखविले. अनुताईंनी तेच मूल आपल्या कामाच्या मध्यभागी ठेवले आणि ४७ वर्षांत तेथून हलविले नाही.

आपल्या गावातील अंगणवाडीवरून आपण रोज जातो. पुढल्या वेळी क्षणभर आत डोकवावे, ताईंना नावाने हाक मारावी, मुलांसाठी काय हवे ते विचारावे. चिंचोके असतील तर ओंजळभर न्यावेत. नर्मदेत होडी वल्हविणाऱ्या रेलूताई आणि कोसबाडच्या अनुताई यांचे स्मरण इतके साधे असले तरी चालेल. ते रोजचे असावे, एवढेच आमचे मागणे आहे.